मनगटावरचा पांढरा डाग: कोड, शिबं, महारोग अन् टिकलीची भानगड

(मनगट कॅमेऱ्यासमोर. चेहरा नंतर.)

राम राम राजेहो. आज तोंड नंतर दाखवतो, आधी हे मनगट पाहा. थांबा, फोकस होऊ द्या... हां. घड्याळाच्या जागी हा पांढरा डाग दिसतो नं, पार्लेच्या बिस्किटाएवढा, त्याच्यात आता तिळाएवढे काळपट ठिपके आलेत, अन् अजून जवळ आणतो, प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस उभा आहे. जिथं केस नाही तिथं ठिपका नाही. हे ठिपके पाहून मी एवढा खुश झालो होतो की तुरीला शेंगा लागल्या तरी होत नाही, आणि का खुश झालो ते सांगायलाच आजचा व्हिडिओ.

तर मला कोड आहे. डॉक्टर व्हिटिलिगो म्हणतात, जुन्या पुस्तकात श्वेतकुष्ठ लिहिलेलं असतं, आणि सगळी माती त्या शब्दानं केली, कारण कुष्ठ म्हटलं की माणूस पाटावरून उठतो. माझ्या आत्याला पस्तीस-चाळीस वर्षांआधी ओठाजवळ डाग आला, जमलेली सोयरीक मोडली. ती अजून सांगते, "बापू, मले लोकाईनं हातचं पानी घेनं बंद केलं होतं." तिला महारोग नव्हताच. पण तपासून पाहायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आपल्या विदर्भाला महारोग काही नवीन नाही बरं. वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ पासूनचं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, शाळेच्या सहलीत आपण सगळे जाऊन आलो, तिथल्या सतरंज्या घेऊन आलो, आणि घरी येऊन पांढऱ्या डागाच्या माणसापासून दोन हात लांब बसलो. महारोग जंतूनं होतो, तो जंतू हॅन्सन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरानं १८७३ मध्ये शोधला. कोडात जंतू-बिंतू काही नाही, ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, ताट-वाटी, पलंग, लग्न, कशानंच नाही.

फरक कसा ओळखायचा? आपल्याकडं कापसाची काय कमी. कापसाचा एक पिळ करायचा, टोक बारीक, डोळे मिटून बसायचं आणि दुसऱ्यानं आधी चांगल्या कातडीला, मग डागाला हलकंच टेकवायचं, कुठं टेकलं ते बोटानं दाखवायचं. कोडाचा डाग खडूसारखा पांढराफेक असतो आणि तिथं कापूस बरोब्बर समजतो. महारोगाचा डाग बहुतेक फिकट नाहीतर तांबूस असतो, एकदम पांढरा नसतो, आणि बऱ्याचदा तिथं स्पर्श कमी लागतो, घाम येत नाही, केस झडतात. आशाताई घरोघरी फिरतात तेव्हा हेच पाहतात, तर त्यांना दारातून परत पाठवू नका. चेहऱ्यावर ही टेस्ट फसू शकते, म्हणून घरच्या घरी निकाल लावून मोकळं व्हायचं नाही, दवाखान्यात दाखवायचंच. आणि महारोग निघाला तरी घाबरायचं काय? गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने नाहीतर बारा महिने, आणि गोळ्या सुरू झाल्या की लवकरच त्याचं पसरणं थांबतं. उशीर केला तर मात्र नसा जातात, बोटं वाकडी होतात.

आता रंग येतो कुठून ते. आपल्या कातडीच्या खालच्या थरात मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. एक पेशी म्हणजे एक अंगणवाडी सेविका समजा, तिच्याकडं साधारण ३६ घरं, म्हणजे आजूबाजूच्या कातडीच्या पेशी. ती काय करते, टायरोसिन नावाच्या साध्या पदार्थापासून मेलॅनिन बनवते, त्याची बारीक पुडकी बांधते आणि आपले लांब लांब हात पसरून घरोघर वाटते. ज्या पेशीला पुडकं मिळालं ती काय करते माहीत आहे? ते आपल्या केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला नेऊन ठेवते. आपल्या बाया वावरात पऱ्हाटी निंदताना डोक्यावर पदर घेतात नं, अगदी तसंच. आतला डीएनए उन्हानं खराब होऊ नये म्हणून. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी काळ्या रंगाला मनातल्या मनात हात जोडले.

आणि एक ऐका, गोऱ्या माणसाच्या अन् काळ्या माणसाच्या अंगात ह्या सेविका जवळपास सारख्याच असतात. फरक पुडक्यांचा. किती, केवढी, कोणत्या मालाची. २००५ मध्ये अमेरिकेत एका बारक्या पट्टेवाल्या माशावर, झेब्राफिशवर, काम करताना फिक्या पट्ट्यांच्या माशातला एक जीन, म्हणजे आईबापाकडून येणारी एक सूचना, सापडला, एसएलसी२४ए५ असं काहीतरी गाडीच्या नंबरासारखं नाव आहे त्याचं, माणसातला तोच जीन त्या फिक्या माशात घातला तर पट्टे परत काळे झाले! पुढं हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की भारतातल्या लोकांच्या रंगातल्या फरकातही ह्या जीनचा मोठा वाटा आहे. म्हणजे एका घरात एक पोट्टी गोरी अन् एक सावळी हा जीनच्या वाटपाचा खेळ, त्याला केशर घातलेलं दूध जबाबदार नाही.

कोडात होतं काय, तर आपलेच शिपाई आपल्याच सेविकांना मारतात. शरीरातल्या टी-पेशी, ज्यांनी जंतूंना मारायचं, त्या मेलॅनोसाइटला दुश्मन समजतात. तिथून इंटरफेरॉन गामा नावाचा निरोप सुटतो, तो ऐकून कातडीतल्या पेशी अजून शिपायांना हाका मारतात, ते येतात, अजून मारतात, असं चक्र. आणि काही शिपाई तिथंच मुक्काम ठोकून बसतात, म्हणून बरा झालेला डाग बरेचदा त्याच जागी परत येतो. का चुकतात ते? थोडं रक्तात असतं, पण सगळं नाही. एकसारख्या जुळ्यांवर अभ्यास झाला, एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण २३ टक्के निघालं. जीन सेम टू सेम असून शंभरातून तेवीस! सख्ख्या भावंडांत तर सहाच्या आसपास. म्हणून "त्यायच्या घरात कोड हाय, पोरगी देऊ नका" म्हणणाऱ्या मामांना हा आकडा ऐकवा. मच्छीवर दूध पिल्यानं होतं ह्याला काही पुरावा नाही. थायरॉईडचं दुखणं मात्र सोबत असू शकतं, तेही असंच आपलंच आपल्यावर उलटलेलं, म्हणून डॉक्टरनं थायरॉईड तपासायला सांगितलं तर पैसे काढायला सांगतो असं म्हणू नका.

घासल्यानं, कापल्यानं, भाजल्यानंही नवा डाग उठतो, त्याला कोबनर म्हणतात. माझा आला घड्याळाच्या पट्ट्याखाली. बायांना कमरेला, परकराचा नाडा करकचून बांधतात तिथं. नाडा सैल नाहीतर रुंद पट्टी लावा, एवढं तर घरी जमते.

सगळेच पांढरे डाग कोडाचे नसतात हेही सांगून टाकतो. लहान पोट्ट्यांच्या गालावर फिकट खरबरीत चकत्या येतात, आपण शिबं म्हणतो, आजी म्हणते जंत झाले. तो साधा कोरडेपणाचा प्रकार असतो, तेलकट मलम लावत राहिलं की हळूहळू जातो. छातीपाठीवर घामाच्या दिवसात येतं, नखानं खरवडलं की कोंडा निघतो, ते बुरशीचं, त्यालाही आपण शिबंच म्हणतो, त्याचं औषध वेगळं. आणि टिकली! स्वस्त टिकलीच्या गोंदात एक केमिकल असू शकतं, पॅराटर्शरीब्युटिलफिनॉल, हे म्हणता म्हणता माझी जीभ वळली, ते मेलॅनोसाइटलाच मारतं. माझ्या आईच्या कपाळाला टिकलीच्याच मापाचा गोल डाग आला होता, एकदम गोल, जसा कंपासनं काढला. टिकली बंद करून कुंकू सुरू केलं, दोन वर्षांत अर्धाअधिक भरला. सगळ्यांचा भरतोच असं नाही.

आता माझी फजिती. सुरुवातीला मी एका औषधवाल्याकडं गेलो, नाव घेत नाही, त्यानं बावचीचं तेल दिलं आणि म्हणाला लाव अन् उन्हात बस. महिना मे. नवतपा लागलेला. मी शहाणा धुऱ्यावर हात पसरून अर्धा तास बसलो. संध्याकाळी मनगटावर लिंबाएवढा फोड. आणि तो सुकला तेव्हा डाग दोन बोटं वाढलेला, कोबनर, झालं नं! बावची खोटी नाही हो. तिच्यात सोरालेन असतं, त्यानं कातडी अल्ट्राव्हायोलेटला भलती नाजूक होते, इजिप्तमध्ये १९४० च्या दशकात अशाच एका रोपट्यातून ते काढून कोडावर वापरलं गेलं आणि पुढं मशीनच्या प्रकाशाबरोबर मोजून द्यायला लागले. सगळी गोष्ट मोजण्यात आहे. विदर्भाचं ऊन कोण मोजून देते?

मग गेलो चामडीच्या डॉक्टरकडं जिल्ह्याला. अंधाऱ्या खोलीत नेलं, जांभळा दिवा लावला, वूड्स लॅम्प. लग्नात डीजेच्या जांभळ्या लाईटखाली पांढरं शर्ट चमकते नं, तसा डाग चमकला, आणि डोळ्यांना दिसत नव्हता असा अजून एक कोपराजवळ निघाला. माझं तर पाणीच झालं. उपचार सांगितला नॅरोबँड यूव्हीबी, ३११ नॅनोमीटरचा प्रकाश, कोडासाठी तो १९९७ पासून वापरात आला, नेदरलँड्सच्या डॉक्टरांपासून. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला काही सेकंद, मग वाढवत वाढवत. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज धरला तर हा उपचार फुकट असूनही फुकट पडत नाही, हे शहरातल्या डॉक्टरांना सांगून समजत नाही, त्यांना वाटते पेशंट आळशी आहे.

आठ महिने काही नाही. आणि मग हे ठिपके. केसाच्या मुळाशी मेलॅनोसाइटचं बियाणं असतं, तिथं शिपाई सहसा पोचत नाहीत, प्रकाशानं ते बियाणं जागं होतं आणि केसाच्या कडेनं वर येऊन पसरतं. म्हणून केसाभोवती ठिपका. म्हणूनच बोटांच्या टोकाला, ओठाला, जिथं केसच नाही, तिथं रंग यायला लय जड. आणि डागातले केसच पांढरे झाले असतील तर कोठीतलं बियाणं संपत आलं समजायचं. म्हणून मी ओरडून सांगतो की काळे केस आहेत तोवर जा.

नवं औषधही आलंय, रक्सोलिटिनिब मलम, २०२२ मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरच्यांसाठी मंजूर झालं. ते मलम इंटरफेरॉनचा निरोप मधेच कापतं. चाचण्यांमध्ये सहा महिन्यांत जवळपास ३० टक्के लोकांच्या चेहऱ्यावरचा डाग पाऊण भरला. म्हणजे सत्तर टक्क्यांचा तेवढा भरला नाही, तेही ऐका, आणि डॉक्टरशिवाय असलं काही ऑनलाईन मागवू नका. वर्षभर डाग हलला नसेल तर चांगल्या जागेच्या पेशी लावायचं ऑपरेशनही होतं. पण त्याच्यावर मी बोलणार नाही, माझं झालं नाही.

एक काम मात्र आजच करा. डागाजवळ रुपयाचं नाणं ठेवायचं, फोटो काढायचा, तारीख टाकायची. डॉक्टर पहिलं विचारतो, सहा महिन्यांत वाढला का, आणि आपण म्हणतो, "असंनच आहे बहुतेक." माझ्या मोबाईलमध्ये चौदा महिन्यांचे असे फोटो आहेत. परवा पाहुणे आले, म्हणे लग्नाचे फोटो दाखव, मी गॅलरी उघडली तर मनगट, रुपया, मनगट, रुपया, मनगट, रुपया. काका म्हणाले, "बापू, हे काय सावकारी चालू केली का बे?"