अंधाऱ्या लिफ्टमधला आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याला एका इंग्रजी कादंबरीविषयी सांगणार आहे, आणि तिचा प्रकार ऐकून आपल्यापैकी निम्मे श्रोते रेडिओचा कान पिळतील, याची मला कल्पना आहे. ही कादंबरी प्रेमकथा आहे, रहस्यकथा आहे आणि शिवाय ती ख्रिस्ती श्रद्धेची कथा आहे. रहस्यकथेच्या वाचकाला मध्येच कोणी प्रार्थना करू लागलेले चालत नाही, प्रेमकथेच्या वाचकाला मध्येच पिस्तूल निघालेले रुचत नाही, आणि आमच्या चर्चमधल्या ज्येष्ठ मंडळींना तर या दोन्ही गोष्टी देवाच्या नावाशेजारी बसलेल्या पाहवत नाहीत. मी स्वतः या तिसऱ्या मंडळींत वाढले. त्यामुळे एका जुन्या विद्यार्थिनीने हे पुस्तक माझ्या हाती दिले, तेव्हा मी ते कपाटावर ठेवून दिले आणि कित्येक महिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

कादंबरीचे नाव ‘डेंजर इन द शॅडोज’. लेखिका डी हेंडरसन, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या. पुस्तक 1999 साली प्रसिद्ध झाले आणि प्रेमकथालेखकांच्या अमेरिकन संघटनेचा ‘रिटा’ पुरस्कार त्याला श्रद्धाप्रधान प्रेमकथांच्या गटात मिळाला. हा पुरस्कार त्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा रिटा क्ले एस्त्रादा यांच्या नावाने दिला जात असे. पुरस्कार पाहून पुस्तक निवडावे असे माझे मत नाही, म्हणून एवढे सांगून मी सरळ कथेकडे वळते.

शिकागो शहरातील एका उंच इमारतीत वीज जाते आणि लिफ्ट मधल्यामध्ये थांबते. आत दोनच माणसे आहेत, एक तरुणी आणि एक तरुण. दोघेही एकमेकांना अनोळखी. काळोख इतका, की समोरच्याचा चेहरा दिसण्याचा प्रश्नच नाही. ती सारा वॉल्श. तिला काळोखाची भीती वाटते, आणि ती भीती आपल्यातुपल्यासारखी नाही. लहानपणी साराला आणि तिच्या जुळ्या बहिणीला, किमला, कोणीतरी पळवून नेले होते. वडील अमेरिकेचे राजदूत. त्या बंदिवासातून सारा परत आली, किम आली नाही. आणि गुन्हेगार अजून पूर्णपणे पकडला गेलेला नाही, म्हणून इतक्या वर्षांनंतरही सारा लपून राहते आहे. आडनाव बदललेले, हालचाली ठरवून दिलेल्या, भोवती पहारा, आणि त्या पहाऱ्याची जबाबदारी एफबीआयमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेत, असलेल्या तिच्या सख्ख्या भावावर, डेव्हवर. ती मुलांसाठी पुस्तके लिहिते, तीही टोपणनावाने, म्हणजे जे काम तिच्या मनापासून आवडीचे, त्यावरसुद्धा तिला स्वतःचे नाव घालता येत नाही.

लिफ्टमधल्या त्या काळोखात समोरचा माणूस तिच्याशी बोलत राहतो. तिची भीती त्याच्या लक्षात आली आहे, पण त्या भीतीचे कारण त्याला कळत नाही, म्हणून तो फक्त बोलत राहतो. त्याला तिचा चेहरा माहीत नाही आणि तिला त्याचा. दोघांची ओळख होते ती केवळ आवाजाने. मी हे आपल्याशी रेडिओवरून बोलत आहे, आपण माझा चेहरा पाहिलेला नाही, आणि तरीही एव्हाना आपण माझ्याविषयी काहीतरी मत बनवलेच असेल. त्यामुळे हा प्रसंग आकाशवाणीच्या श्रोत्यांना सिनेमाच्या प्रेक्षकांपेक्षा अधिक कळेल, असे मला वाटते.

सोलापुरात राहणाऱ्याला वीज जाण्याचे नवल सांगायला नको. वैशाखात दुपारी दोन वाजता पंखा थांबला की आपण हातपंखा शोधतो आणि मग शेजारच्या घरातही गेली आहे का, हे विचारतो. शेजारीही गेलेली असली की निम्मे समाधान तिथेच मिळते. पण लिफ्ट अडकण्याची गोष्ट वेगळी. एका रुग्णालयात मी एकदा अशी अडकले होते. फार तर तीन-चार मिनिटे झाली असतील. बाहेरून कोणीतरी ओरडून म्हणाले, “बाई, घाबरू नका, जनरेटर लावतोय.” तो कोण होता, मला आजही माहीत नाही, पण त्याचा आवाज मी गर्दीत ओळखेन. हे पुस्तक अखेर मी कपाटावरून काढले आणि पहिल्याच प्रकरणात मला तो आवाज आठवला. त्या रात्री मी जेवण उशिरा केले.

पुढे दिवे येतात, आणि त्या आवाजाचा धनी कोण हे साराला कळते. तो ॲडम ब्लॅक, माजी व्यावसायिक फुटबॉलपटू. हा आपल्या पायाने खेळायच्या चेंडूचा खेळ नव्हे; अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबोळा चेंडू हाताने फेकतात, आणि फेकणारा क्वार्टरबॅक हा त्या संघाचा मेंदू समजला जातो. ॲडम असा क्वार्टरबॅक होता. आपल्याकडे क्रिकेटच्या कप्तानाला जी प्रसिद्धी असते, तशी त्याची. तो जाईल तिथे छायाचित्रकार जाणार. म्हणजे जिचे जगणेच कोणाच्या नजरेस न पडण्यावर अवलंबून आहे, तिचे मन अशा माणसावर बसते, ज्याच्यावरून देशाची नजर हटत नाही. कथेचा सगळा पेच या एका योजनेत आहे, आणि तो मला फार चोख वाटला. एरवी प्रेमकथेत अडथळा आणायचा तर लेखकाला गैरसमज, दुष्ट आत्या किंवा हरवलेले पत्र अशी काही सामग्री बाहेरून आणावी लागते. इथे प्रेम हाच धोका आहे. दोघे एकत्र दिसले आणि एक छायाचित्र छापून आले, की शोधणाऱ्याला पत्ता मिळालाच.

आमच्या पिढीने सोलापुरात रहस्यकथा वाचल्या त्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांतून, आणि त्याहून जास्त गल्लीतल्या लहान वाचनालयांतून, दिवसाला काही पैसे भाडे देऊन. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड हजर झाला की वाचणारा निर्धास्त होत असे. आता काही वाईट घडणार नाही, एवढी खात्री त्या नावातच होती. हेंडरसन यांच्या कादंबरीत ही खात्री काढून घेतलेली आहे. इथे रक्षण करणारे पुष्कळ आहेत. भाऊ आहे, त्याची प्रशिक्षित माणसे आहेत, ॲडमचे प्रेम आहे, आणि साराची देवावरची श्रद्धा आहे. पण यांपैकी कोणावर किती विसंबायचे, हा प्रश्न पानोपानी उभा राहतो. गुन्हेगार कोण, यापेक्षा मला राखणार कोण, हे या पुस्तकातले खरे रहस्य आहे, आणि माझ्या मते प्रेम, भीती आणि श्रद्धा या तीन गोष्टी इथे एकत्र नांदतात त्याचे कारण तेच. तिन्हींचा प्रश्न एकच आहे.

पहाऱ्याविषयी लेखिकेची समज मला विशेष आवडली. आपल्या भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळ उभे राहिले की तट आणि खंदक शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधले, एवढेच आपण लक्षात ठेवतो. आतल्या माणसालाही त्याच खंदकाने बांधून घातले होते, हे सहसा मनात येत नाही. साराचे तसे झाले आहे. भाऊ तिच्यावर जीव टाकतो, आणि त्याच्या त्या जीव टाकण्यातच तिचे तारुण्य कुलूपबंद होऊन पडते. डेव्ह वाईट नाही, अतिरेकीही नाही. एक बहीण गमावलेला भाऊ उरलेल्या बहिणीला जसे जपेल, तसेच तो जपतो. त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा विचार वाचताना मला अनेकदा थांबवून गेला, कारण आपल्या घरांतही मुलींना राखण्याच्या नावाखाली जे होते, ते आपण सर्वजण जाणतो.

आता श्रद्धेविषयी. माझे घराणे अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती. घरात ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक येत असे आणि त्यातल्या बोधकथा आम्हांला सक्तीने वाचाव्या लागत. त्या कथांत दारुडा असे, त्याला शेवटच्या परिच्छेदात बायबलमधले वचन भेटे, आणि तो त्याच परिच्छेदात सुधारे. त्यामुळे धार्मिक कथा म्हटली की माझ्या पोटात गोळा येतो. मराठीतली पहिली कादंबरी, बाबा पदमनजींची 1857 मधली ‘यमुनापर्यटन’, ही एका ख्रिस्ती लेखकाची, आणि विधवांचे दुःख तिने ज्या धिटाईने मांडले त्याला तोड नाही. पण तिथेही कथा थांबते आणि उपदेश बोलू लागतो, हे तिच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल. आपल्या कीर्तनकारांनी हा प्रश्न मोठ्या शहाणपणाने सोडवला. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, ज्याला जे हवे त्याने त्या वेळी नीट बसावे. रेव्हरंड टिळकांच्या परंपरेतल्या ख्रिस्ती कीर्तनांनीही हीच घडण स्वीकारली.

हेंडरसन यांना अशी विभागणी करण्याची सोय नव्हती, कारण रहस्यकथेत निरूपणासाठी थांबले की वाचक उठून जातो. त्यांनी केले ते असे, की श्रद्धेला उत्तर म्हणून न आणता अडचण म्हणून आणले. दोन बहिणी एकाच वेळी पळवल्या गेल्या. दोघींसाठी एकाच घरात, एकाच देवाकडे प्रार्थना झाली असणार. एक परतली आणि एक नाही. मग त्या प्रार्थनेचे काय झाले, हा प्रश्न कोणी उच्चारो वा न उच्चारो, साराच्या प्रत्येक प्रार्थनेच्या मागे उभाच असतो. तेविसाव्या स्तोत्रात मृत्युच्छायेच्या दरीतून जाण्याविषयी म्हटले आहे. ते स्तोत्र मी लहानपणापासून अंत्यविधींत ऐकत आले, पण त्यात दरी टळेल असे कुठेही म्हटलेले नाही, सोबत असेल एवढेच म्हटले आहे, ही गोष्ट या पुस्तकानंतर मला नव्याने जाणवली. नावातल्या ‘शॅडोज’ या शब्दाचा त्या छायेशी संबंध आहे की नाही, हे लेखिकेलाच ठाऊक. मी तो माझ्यापुरता जोडून घेतला आहे.

ख्रिस्ती नसलेल्या श्रोत्यांना हे आपल्यासाठी नाही असे वाटू नये, म्हणून एकच आठवण देते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना महाराष्ट्रातल्या कोणत्याही वाचकाने लेखिकेचा धर्म विचारून मग पान उलटले नाही.

या प्रकारच्या कादंबऱ्यांना अमेरिकेत काही संकेत पाळावे लागतात. शयनगृहातली वर्णने नसतात, शिव्या नसतात. 1979 साली जॅनेट ओक यांची पहिली प्रेमकथा प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तिथल्या ख्रिस्ती प्रकाशकांना या वाचकवर्गाची ओळख पटत गेली, आणि संकेतही रुळत गेले. तरुण श्रोत्यांना ही बंधने हास्यास्पद वाटतील. मला वाटले नाही. स्पर्शाची वाट बंद केली की लेखिकेला सगळा भार संभाषणावर टाकावा लागतो, आणि सारा-ॲडमची संभाषणे खरोखर चांगली उतरली आहेत. ती दोघे एकमेकांना विचारतात, ऐकून घेतात, थट्टा करतात.

दोषही सांगितले पाहिजेत. ॲडम फारच सद्गुणी आहे. देखणा, श्रीमंत, विनोदी, श्रद्धाळू आणि वर समजूतदार. असा जावई मिळावा म्हणून सोलापूरच्या कितीतरी आया श्री सिद्धेश्वराला आणि येशूला सारख्याच निष्ठेने साकडे घालतील. त्याला एखादी तरी वाईट सवय लावायला हवी होती. लेखिकेची भाषा सरळ, कामापुरती आहे. एखादे वाक्य वहीत उतरवून ठेवावे, असे मला फारसे सापडले नाही. आणि अमेरिकेतल्या पैसेवाल्यांच्या सोयीसुविधा वाचून कधीकधी असे वाटते, की एवढा पहारा परवडणे हाही एक विशेषाधिकारच. ज्या मुलीच्या वडिलांकडे राजदूताचे पद नाही, तिने कुठे लपावे, हे या पुस्तकात कोणी विचारत नाही.

भाषा साधी असल्यामुळे एक फायदा मात्र होतो. इंग्रजी कादंबरी हाती घ्यायला बिचकणारे पदवीच्या वर्गातले विद्यार्थी हे पुस्तक शब्दकोश फारसा न उघडता वाचू शकतील. वाक्ये लहान आहेत, संवाद भरपूर आहेत, आणि पुढे काय होते ही ओढ अडलेल्या शब्दावरून सहज पुढे नेते. पंचवीस-तीस पानांपर्यंत धीर धरावा.

याच लेखिकेची ‘ओ’मॅली’ नावाची कादंबरीमाला आहे. अनाथाश्रमात वाढलेली सात मुले एकमेकांना भावंडे मानून एकच आडनाव घेतात, अशी तिची कल्पना. आजच्या कादंबरीतला डेव्ह त्या मालेतल्या ‘द निगोशिएटर’ या पुस्तकात पुन्हा भेटतो, आणि इतरांना राखणाऱ्या या माणसाची गाठ तिथे एका पोलीस अधिकारी बाईशी पडते, जी ओलिसांना सोडवण्यासाठी वाटाघाटी करते आणि जिचा देवावर विश्वास नाही. तेही पुस्तक चांगले आहे, पण आधी हे वाचावे. डेव्हला बहिणीच्या दारावर पहारा देताना पाहिलेले असले, म्हणजे त्याला कोणाचे ऐकून घ्यावे लागते तेव्हा अधिक गंमत येते.

ज्यांना काळोखाची खरोखरच भीती वाटते, त्यांनी पहिले प्रकरण दिवसा वाचावे, आणि वीजमंडळाचा भरवसा नसल्यामुळे बॅटरी जवळ ठेवावी. नमस्कार.