बी.ई. मोठं का बी.टेक.?

नमस्कार, श्रोतेहो.

सीईटीचा निकाल लागला की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून साखर पेठेपर्यंत, घरोघरी एकच विषय असतो. मी बरीच वर्षं डिप्लोमाच्या मुलांना शिकवलं, त्यामुळे लोक विचारायला येतात. परवा एक ओळखीचे यंत्रमाग कामगार मुलीला घेऊन आले. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "काय ओ सर, बी.ई. मोठं असतंय का बी.टेक.? एकजण सांगालाय, टेकच घ्या, पगार जास्त मिळतोय."

हे ऐकलं की मला वाईट वाटतं. माझ्या नात्यातल्या एका मुलानं अशाच सल्ल्यावर गावातली चांगली जागा सोडली आणि 'टेक' या दोन अक्षरांसाठी लांबच्या कॉलेजात गेला. विषय जवळपास तेच निघाले. वडिलांचं कर्ज मात्र अजून फिटतंय.

म्हणून स्पष्ट सांगतो. आपल्या देशात बी.ई. आणि बी.टेक. या दोन्ही चार वर्षांच्या, सारख्याच दर्जाच्या पदव्या आहेत. एम.टेक.च्या प्रवेशासाठी जी गेट परीक्षा असते, तिला दोन्ही चालतात. आयआयटी बी.टेक. देते, बिट्स पिलानी बी.ई. देते. १८५४ सालापासूनचं पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, सीओईपी, आज बी.टेक. देतं, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची पदवी बी.ई. आहे. आपल्या सोलापुरातही आधी बी.ई. होतं, आता बी.टेक. झालं. यातलं कुठलं वरचं, कुठलं खालचं?

फरक बघायचाच असेल, तर पदवीपुढे शाखेचं नाव काय लिहिलंय ते वाचा. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीत, एकाच आवारात केमिकल इंजिनिअरिंगची पदवी वेगळी आहे आणि रंग, तेल, अन्न, कापड यांच्या तंत्रज्ञानाचं बी.टेक. वेगळं आहे. तिथे त्या नावाला अर्थ आहे.

हे त्या मुलीला समजावायला मी टॉवेलाचंच उदाहरण घेतलं. तिची आई घरी टॉवेलांच्या कडा शिवते. टॉवेलाच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात, एक ताठ, एक ढिला. पहिले दोन आडवे धागे फणी पूर्ण ठोकत नाही, थोडं अंतर ठेवते. तिसरा धागा आला की तिन्ही एकदम पुढे रेटते. ताठ ताणा जागेवर राहतो, ढिला ताणा त्या धाग्यांबरोबर सरकतो आणि त्याची वेटोळी वर येतात. तेच टॉवेलाचे लूप.

आता, फणीनं दोनदा आखूड आणि तिसऱ्यांदा पूर्ण ठोका कसा मारायचा, ढिला बीम किती वेगानं सोडायचा, मोटरवर भार किती येईल, हे मेकॅनिकलवाल्याचे प्रश्न. लूपच्या धाग्याला पीळ किती द्यायचा, हा टेक्सटाइलवाल्याचा. पीळ कमी ठेवला तर टॉवेल मऊ होतो, पाणी चांगलं शोषतो, पण धागा मागावर तुटायला लागतो. रंग धुण्यात टिकेल का, तेही त्यानंच बघायचं.

तोवर मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "सर, नवा टॉवेल पहिल्या धुण्याआधी पाणी का ओढत नाही?"

मला फार आनंद झाला. मऊपणासाठी शेवटी जी रसायनं लावतात, त्यातली काही पाणी दूर ठेवतात, म्हणून तसं होतं. घरात हजार टॉवेल हाताखालून गेल्यावर हा प्रश्न तिचा तिला पडला होता! फॉर्मच्या कच्च्या यादीत तिनं मेकॅनिकल पहिलं लिहिलं होतं, टेक्सटाइल कुठेच नव्हतं. इचलकरंजीच्या डीकेटीई आणि मुंबईच्या व्हीजेटीआय या कॉलेजांत हा विषय शिकवतात, हे त्या घरात कुणाला ठाऊकही नव्हतं. मागांच्या गावात ही स्थिती आहे, श्रोतेहो.

परदेशी जायचं मनात असेल त्यांच्यासाठी एक सांगतो. अमेरिकेत 'इंजिनिअरिंग' आणि 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' या खरोखर वेगळ्या पदव्या आहेत. दुसरीत गणित-सिद्धांत कमी, हाताचं काम जास्त, आणि काही राज्यांत तिच्यावर व्यावसायिक इंजिनिअरचा परवाना मिळत नाही. आपलं बी.टेक. म्हणजे ती पदवी नव्हे. एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्यांचा दर्जा मानणाऱ्या देशांचा वॉशिंग्टन करार आहे, त्यात भारत २०१४ साली सामील झाला आहे. मात्र त्यासाठी एनबीए या अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते, आणि ती कॉलेजला नसते, एकेका शाखेला असते. तुमच्या शाखेला ती आहे का, आणि कुठल्या स्तराची, हे विचारून घ्या.

निघताना वडील म्हणाले, "इचलकरंजी लांब पडतंय ओ सर. हॉस्टेलचा खर्च..." त्यांची काळजी खरी होती. मी म्हटलं, फी, शिष्यवृत्ती, हॉस्टेल सगळं तिथेच विचारा. तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी हिला एकटीला बोलू द्या.

"मग रविवारी जाऊन येतो."

"रविवारी नको," मी म्हटलं, "लॅबमधले माग चालू असताना जा."