चार नंबरचा चेंडू

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन फुटबॉल. एक जरा लहान.)

खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘फुटबॉल द्या’ म्हटलं, की दुकानदार विचारतो, कितव्या नंबरचा? पाच नंबरचा मोठ्यांसाठी. चार नंबरचा शाळकरी पोरांसाठी, थोडा लहान, थोडा हलका.

युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, बायकांसाठी भरवलेली पहिली युरोपीय फुटबॉल स्पर्धा १९८४ साली संपली, ती या चार नंबरच्या चेंडूने खेळून. सामना नव्वद मिनिटांचाही नव्हता. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ, संपलं. अंगावर देशाची जर्सी आणि पायात पोरांचा चेंडू. बायकांना याहून जास्त झेपायचं नाही, असं ठरवणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं.

(दृश्य: हिरवी शेतं, लाकडी घरं, गावाबाहेरचं छोटं मैदान.)

दक्षिण स्वीडनमधलं उलरिसेहाम्न. १९६० साली पिया सुंदहागेचा जन्म इथला, आणि बालपण जवळच्या मारबेक नावाच्या खेड्यातलं. पोरीला फुटबॉलचं वेड. पण आसपास मुलींचा संघच नव्हता आणि मुलांच्या संघात मुलीला घेत नव्हते. मग एका प्रशिक्षकाने शक्कल लढवली. आपण तुला ‘पेल्ले’ म्हणू या, म्हणाला. पेल्ले हे तिकडचं मुलाचं अगदी साधं नाव, आपल्याकडे बंड्या म्हणावं तसं. बंड्या होऊन पिया खेळली.

पुढे मुलींचे संघ निघाले आणि पेल्लेची गरज उरली नाही. १९७५ साली, पंधरा वर्षांची असताना, ती स्वीडनच्या राष्ट्रीय संघातून खेळली. पंधराव्या वर्षी!

(दृश्य: गोथेनबर्गचं उल्लेवी स्टेडियम.)

आता १९८४. अंतिम फेरीत स्वीडन आणि इंग्लंड, एकेक सामना दोघांच्या घरी. पहिला १२ मे रोजी इथे, उल्लेवीवर. उत्तरार्धात पियाने चेंडूला डोकं लावलं आणि तो जाळ्यात गेला. स्वीडन १, इंग्लंड ०. पंधरा दिवसांनी परतीचा सामना.

(दृश्य: ल्यूटन. विटांच्या घरांची रांग, त्या घरांच्या मधूनच स्टेडियमचं प्रवेशद्वार. पाऊस.)

लंडनच्या उत्तरेला ल्यूटन नावाचं शहर आहे. तिथल्या केनिलवर्थ रोड मैदानाच्या एका बाजूने आत जायचं, तर लोकांच्या घरांमधून वाट काढत जावं लागतं. जिन्यावरून खाली बघाल तर कुणाचं तरी परसदार, दोरीवर वाळत घातलेले कपडे. २७ मे १९८४ या दिवशी मात्र दोरीवर कपडे नसावेत, कारण पाऊस असा कोसळत होता की मैदानाचं भाताचं खाचर झालं होतं. चेंडू मारावा आणि तो चार हातांवर रुतून बसावा, अशी गत. बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं.

इंग्लंडच्या लिंडा कर्लने गोल केला. दोन सामने मिळून बरोबरी. मग पेनल्टी.

स्वीडनची गोलरक्षक एलिसाबेथ लायडिंगेने दोन फटके अडवले. स्वीडनचाही एक फटका वाया गेला. पाचव्या फटक्यासाठी पिया निघाली. मधल्या रेषेपासून गोलपर्यंतचं अंतर टीव्हीवर किरकोळ वाटतं, पण चिखलातून एकटीने चालत जायचं असेल तर ते फार लांब असतं. बूट जड, मोजे पाण्याने लडबडलेले, आणि पाय रोवायला कोरडी जागा म्हणून नाही.

गोल. ४-३. स्वीडन युरोपचा विजेता.

(दृश्य: चिखलाने माखलेल्या जर्सी, मिठ्या. आवाज नाही. पाच सेकंद.)

या स्पर्धेच्या अधिकृत नावात ‘चॅम्पियनशिप’ हा शब्दसुद्धा नव्हता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पुढच्या वर्षी पिया रोमच्या लाझिओ क्लबकडून खेळायला गेली. स्वीडनमध्ये तेव्हा फुटबॉलवर बाईचं पोट भरणं शक्य नव्हतं. इटलीत निदान थोडेफार पैसे मिळत. तिथे ती फार रमली नाही, परत आली. यीटेक्स, मग हमारबी, असे क्लब होत राहिले. तिची जागा मुख्यतः आघाडीला, पण गरज पडेल तिथे उभी राहणारी ती खेळाडू. १९८८ मध्ये स्वीडनच्या टपाल खात्याने तिचं चित्र असलेलं तिकीट काढलं. जिला दुसऱ्याचं नाव घेऊन खेळावं लागलं, तिचा चेहरा आता पाकिटावर चिकटून गावोगाव जाऊ लागला.

(दृश्य: चीन, ग्वांगझू. खचाखच भरलेलं तिआन्हे स्टेडियम.)

नोव्हेंबर १९९१. बायकांचा पहिला विश्वचषक. सामने आता ऐंशी मिनिटांचे. म्हणजे सात वर्षांत दहा मिनिटांची बढती! उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान चीन आणि पंचावन्न हजार प्रेक्षक. तिसऱ्याच मिनिटाला पियाने गोल केला. मग उरलेली सत्त्याहत्तर मिनिटं स्वीडनने तेवढी एका गोलची आघाडी जिवापाड जपली. स्टेडियम गप्प. उपांत्य फेरीत नॉर्वेने ४-१ असं झोडपलं, पण जर्मनीला ४-० हरवून स्वीडनने तिसरा क्रमांक घेतला. त्या चारांतला एक पियाचा.

१९९५चा विश्वचषक स्वीडनमध्येच झाला. सामने अखेर नव्वद मिनिटांचे झाले. तरी आयोजकांना राहवेना: प्रत्येक हाफमध्ये दोन मिनिटांचा ‘टाइम-आउट’ घ्यायची सोय त्यांनी ठेवलीच. हेलसिंगबोर्गमध्ये पुन्हा चीन समोर आला, पुन्हा पेनल्टी, आणि आकडे पुन्हा ४-३. या वेळी उलटे. स्वीडन घरच्या मैदानावर बाहेर.

पुढच्या वर्षी अटलांटा. ऑलिंपिकमध्ये बायकांचा फुटबॉल पहिल्यांदाच, आणि पिया छत्तीस वर्षांची. स्वीडन गटातच बाद झाला आणि तिने बूट काढून ठेवले. १४६ सामने, ७१ गोल. पुढे हाना ल्युंगबेरीने ७२ केले, मग लोटा शेलिनने तो आकडा ८८ वर नेला.

(दृश्य: गिटार घेऊन बसलेल्या सुंदहागे, भोवती अमेरिकेच्या खेळाडू.)

इथून पुढे तिला ‘त्या’ म्हणायला हवं. आपल्याकडे खेळाडूला अरे-तुरे चालतं, प्रशिक्षकाला नाही. सुंदहागे गिटार वाजवतात, गातात, आणि संघासमोरही गातात. त्यांच्या हाताखाली अमेरिकेने २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. मग त्या मायदेशी परतल्या. स्वीडनच्या संघावर त्यांच्या आधी थॉमस डेनर्बी होते. हेच डेनर्बी २०२२च्या आशिया चषकात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून उभे होते.

रिओ ऑलिंपिक, २०१६. गटात ब्राझीलने स्वीडनचा ५-१ असा धुव्वा उडवला. सुंदहागेंनी सरळ हिशेब केला: आपण यांच्याशी पळण्यात जिंकणार नाही, तेव्हा सगळ्यांनी मागे थांबायचं. जन्मभर आघाडीला खेळलेली बाई, आणि संघाला सांगते, मागे थांबा! अमेरिकेविरुद्ध १-१, पेनल्टीवर ४-३. ब्राझीलविरुद्ध माराकानावर ०-०, पेनल्टीवर पुन्हा ४-३. दोन्ही वेळा शेवटचा फटका लिसा डालक्विस्टचा. हरलेल्या अमेरिकेच्या गोलरक्षकाने स्वीडनला भित्रं म्हटलं. जिंकत असू तर भित्रं असायला हरकत नाही, असं सुंदहागेंचं उत्तर. अंतिम सामन्यात जर्मनीने २-१ हरवलं. रौप्यपदक.

(दृश्य: बर्न, स्वित्झर्लंड. १८ जुलै २०२५. लाल जर्सींनी भरलेली प्रेक्षागारं.)

युरो स्पर्धा, उपांत्यपूर्व फेरी. यजमान स्वित्झर्लंडच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून पासष्ट वर्षांच्या सुंदहागे, समोर विश्वविजेता स्पेन. स्विस संघात सिडनी शेर्टनलाइब आहे. वय अठरा, क्लब बार्सिलोना, पेशा फुटबॉल. स्पेन २-० जिंकतो. सामना संपल्यावर स्पेनच्या खेळाडू दोन रांगा करून उभ्या राहतात आणि हरलेल्या मुली त्या टाळ्यांमधून चालत बाहेर येतात. स्टेडियम रिकामं व्हायला तयार नाही. हिरवळ कोरडी आहे, दिव्यांत चकाकते आहे, आणि तिच्यावर कुठेतरी पाच नंबरचा चेंडू पडलेला आहे.