दोनशेचा प्लॅन घेण्याआधी

मंडळी, आयोजकांनी तुमचे प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर मागवले होते. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत तक्रार एकच आहे: शंभर मेगाबिट वेगाचा प्लॅन आहे, तरी नेट चालत नाही. पुढे उपायही तुम्हीच सुचवलाय, दोनशेचा घेऊ का? माझं म्हणणं असं, की आधी वेग कुठं अडतोय ते शोधा. राउटरपर्यंत येतानाच तो कमी होतोय, की राउटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंत जाताना? हे कळल्याशिवाय खर्च केलेला पैसा बहुतेक वेळा वाया जातो, आणि साताऱ्यात पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला महिन्याचे दोन-तीनशे रुपये जास्तीचे भरायला लावणं मला पटत नाही.

म्हणून पहिलं काम. लॅपटॉप केबलनं राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा, घरातल्यांना पाच मिनिटं मोबाइल बाजूला ठेवायला सांगा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा दुपारी, एकदा रात्री नऊच्या सुमारास. केबलवर पूर्ण वेग मिळतोय आणि मोबाइलवर मिळत नाही, तर कनेक्शन देणाऱ्या कंपनीचा काही दोष नाही. मोजताना एक घोळ टाळा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल उतरताना दिसणारा आकडा बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभरच्या प्लॅनवर साडेबारा दिसले तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय.

आता एका आकड्याकडे नीट लक्ष द्या: ९४. प्लॅन दोनशेचा, केबलवर मोजलंत, आणि काही केलं तरी आकडा ९४-९५ च्या वर सरकत नाही. हा आकडा दिसला की लाइन तपासू नका, वायर आणि पोर्ट, म्हणजे वायर खोचायची खाच, तपासा. शंभर मेगाबिटच्या पोर्टमधून वरखर्च जाऊन साधारण तेवढंच हाती येतं. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभरला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे हजार मेगाबिटला, चारही लागतात. निळी किंवा तपकिरी तार खिडकीच्या फटीत चेपून तुटली, उंदरानं कुरतडली, तर नेट बंद पडत नाही; बऱ्याचदा ते मुकाट्यानं शंभरवर उतरतं. म्हणून वायरीच्या टोकाची पारदर्शक क्लिप उजेडात धरून बघा. आठही तारा अगदी पुढच्या कडेपर्यंत पोचलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी मागे राहिली असेल तर क्लिप नव्यानं क्रिंप करून, म्हणजे पकडीनं दाबून बसवून, घ्या. काम दहा मिनिटांचं आहे.

वायर चांगली असेल तर राउटरचा पोर्ट बघा. खोक्यावर १२०० छापलेलं असतं आणि मागचे पोर्ट मात्र शंभरचे. ते १२०० म्हणजे राउटरच्या दोन वायफाय बँडची, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची, गोल केलेली बेरीज: ३०० आणि ८६७. दोन्ही बँड मिळून तो वेग एका मोबाइलला कधीच मिळत नाही. गिऱ्हाइकाला हे न सांगता राउटर विकणं ही मला सरळ दिशाभूल वाटते. दुकानात एकच प्रश्न विचारा, पोर्ट गिगाबिट आहेत का?

आता वायफाय. आपल्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन फूट जाडीच्या. अशा भिंतीतून पाच गिगाहर्ट्झची रेंज आरपार जाणं अवघड. २.४ जास्त लांब जातं, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि तेच शेजारीपाजारी सगळे वापरतात. शिवाय एका अँटेनाचा साधा मोबाइल नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर २.४ ला फार तर ७२ नं जोडला जातो, प्रत्यक्षात हाती येतात चाळीस-पन्नास. तिथं दोनशेचा प्लॅन काय करणार? राउटर लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे किंवा मीटरच्या पेटीशेजारी ठेवू नका. मोकळ्यावर, छातीच्या उंचीला ठेवा. तरीही आतल्या खोलीत रेंज नसेल, तर स्वस्त रिपीटरच्या, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणाऱ्या डबीच्या, नादी लागू नका. एकाच बँडवर घेऊन त्याच बँडवर पुढे देणारा रिपीटर वेग निम्मा करतो. त्यापेक्षा आतपर्यंत एक वायर ओढा. घरात पडून असलेला जुना राउटर असेल तर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) बदला, म्हणजे तो मुख्य राउटरशी भांडणार नाही, डीएचसीपी (मोबाइलना असे पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि ती वायर त्याच्या लॅन पोर्टला लावा.

एका काकूंची चिठ्ठी मला फार महत्त्वाची वाटली. टेस्टमध्ये वेग पूर्ण येतो, पण नातीचा ऑनलाइन क्लास मधेच तुटतो. अशा वेळी घरातलं कुणीतरी कासचे फोटो वर चढवत असतं. खंबाटकी घाटात मालट्रकांच्या मागे मोटार अडकते, तसे क्लासचे छोटे डेटा-पुडके त्या फोटोंच्या रांगेत अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात. अपलोड चालू ठेवून पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजा. वीस मिलिसेकंदांचा दोनशे-तीनशे झाला तर आजार हाच. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर कोडेल ही रांग लांबू न देणारी पद्धत मांडली. राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे अशी रांग आवरण्याची, सोय असेल तर ती चालू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा. क्लास सुधारतो, आणि त्याला मोठा प्लॅन लागत नाही.

आणि केबलवरच वेग कमी आला तर? रात्रीच कमी येत असेल तर पुढची लाइन गर्दीला अपुरी पडतेय. दिवसभर कमी असेल तर फायबर, म्हणजे घरात येणारी काचेची बारीक तार, बघा. दाराच्या कोपऱ्यावर काटकोनात वळवलेल्या किंवा ग्रिलला करकचून बांधलेल्या फायबरमधून प्रकाश वळणावरच गळतो. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये लिहिलेली असते. उणे वीसच्या आसपास ठीक, उणे सत्तावीसच्या खाली गेली की लाइन तुटायला लागते.

तक्रार करताना 'नेट स्लो आहे' एवढंच सांगू नका. केबलवर, एकाच लॅपटॉपवर, अमुक तारखेला रात्री नऊला इतका वेग आणि इतकी आरएक्स पॉवर, असं सांगा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मागून घ्या. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांनुसार तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथं हा नंबर लागतो.