लग्न न करण्याची किंमत

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा आज उपलब्ध असलेला सगळ्यांत जुना वार्षिक हिशेब ११३० सालचा आहे. मेंढीच्या कातड्याच्या लांब पट्ट्या, एका टोकाला शिवून गुंडाळून ठेवलेल्या. त्यात लिंकनशायर या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, येणेबाकीत एक नोंद सापडते: चेस्टरची काउंटेस, म्हणजे मोठी सरदारीण, ल्यूसी राजाला ५०० मार्क चांदी देणे लागते. कशाबद्दल? पाच वर्षं आपल्याला लग्न करायला लावू नये, याबद्दल.

मार्क नावाचं नाणं तेव्हा इंग्लंडात नव्हतं. ती हिशेबापुरती रक्कम, १ मार्क म्हणजे १६० पेनी. म्हणजे ल्यूसीचे झाले ८०,००० पेनी. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात चिलखत घालून लढणाऱ्या नाइटला दिवसाला साधारण ८ पेनी मिळत. त्या दराने हा १०,००० दिवसांचा पगार झाला. बाई वेडी नव्हती. तिचे तीन नवरे होऊन गेले होते, शेवटचा ११२९ मध्ये वारला होता, आणि चौथा आला असता तर तिची सगळी जमीन त्याच्या हातात गेली असती. त्याच हिशेबात वडिलांची जमीन आपल्याकडे राहावी म्हणून तिने कबूल केलेले आणखी ४०० मार्क आहेत.

१०६६ मध्ये विल्यम विजेत्याबरोबर फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंडावर राज्य करू लागले ते नॉर्मन. नॉर्मन उमराव घराण्यातल्या बाईचं वजन किती, हे तिच्या हाती तीन प्रकारच्या जमिनींपैकी कोणती होती, यावर ठरायचं. पहिली माहेरून लग्नात मिळालेली. आपल्याकडे स्त्रीधन दागिन्यांचं, तिथे बहुधा गावांचं. पण या जमिनीला दोरी बांधलेली असे: मूलबाळ झालं नाही तर ती परत माहेरी जाई. दुसरी वारसाहक्काची, भाऊ नसेल तरच. आणि तिसरी विधवेचा हिस्सा. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात, लोकांसमक्ष, नवरा सांगायचा की माझ्यामागे हिला अमुक अमुक गाव. काही नाव घेऊन सांगितलं नसेल, तर १२व्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडातल्या कायद्याप्रमाणे लग्नाच्या दिवशी त्याच्या ताब्यात असलेल्या जमिनीचा तिसरा भाग. त्याहून जास्त देता येत नसे, कमी चालत असे. नंतर मिळवलेली जमीन लग्नात तसा उल्लेख असेल तरच धरायची. हा हिस्सा तहहयात, विकायचा अधिकार नाही.

घोटाळा व्हायचा तो इथेच. हिस्सा विधवेच्या हातात ठेवायचा कोणी, तर नवऱ्याच्या वारसाने. आणि तो पुष्कळदा तिचा सावत्र मुलगा. तो चालढकल करी. मग राजाकडून आज्ञापत्र मिळवा, न्यायालयात जा, वारसाला हजर करा. नवऱ्याने हयातीत बायकोची वारसाहक्काची जमीन परस्पर विकली, तर तिला त्याच्या जिवंतपणी तोंड उघडता येत नसे. पुढे या एका तक्रारीसाठी वेगळं आज्ञापत्रच निघालं, इतक्या बायकांवर ती वेळ येत होती. म्हणून मला वाटतं, नॉर्मन बाईचं राजकारण ऐकायचं तर लढायांच्या आधी या कज्ज्यांकडे पाहावं.

नवरा हयात असताना तिला काहीच सत्ता नव्हती, असं मात्र नाही. विल्यम विजेत्याची मुलगी अडेला ही फ्रान्समधल्या ब्ल्वा प्रांताच्या काउंटला दिलेली. तो १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धावर गेला तेव्हा कारभार तिच्याकडे आला. आजच्या तुर्कस्तानातल्या अँटिओकच्या वेढ्यातून १०९८ च्या मार्चमध्ये त्याने तिला पत्र पाठवलं: मी निघताना तू मला नेमून दिलं होतंस त्याच्या दुप्पट सोनं-चांदी आता माझ्याकडे आहे. खर्चाला पैसे कोणी नेमून दिले, ते त्या वाक्यात आहे. दोनतीन महिन्यांत हे महाशय वेढ्यातून पळाले, आणि पुढे घरी आले. अडेलाने त्यांना पुन्हा पाठवलं, आणि ११०२ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या रामल्याला ते मारले गेले. पुढे वारस ठरवताना तिने थोरल्या मुलाला बाजूला सारून दुसऱ्याला पुढे केलं. ११०५ मध्ये तिचा भाऊ राजा हेन्री आणि आर्चबिशप अँसेल्म यांची भेटही तिनेच घडवून आणली. राजाला धर्मातून बहिष्कृत करण्याची अँसेल्मची धमकी त्यामुळे टळली. तिचा आणखी एक मुलगा स्टीफन ११३५ मध्ये इंग्लंडचा राजा झाला.

विधवा आणि पोरके वारस हे राजाचं उत्पन्नाचं साधन. ११८५ मध्ये राजाच्या न्यायाधीशांनी १२ काउंटींमध्ये फिरून विधवांची यादीच केली. विधवेचं वय, मुलं किती, जमिनीचं वर्षाचं उत्पन्न, आणि तिथे आणखी इतके बैल, इतक्या मेंढ्या घातल्या तर ते किती वाढेल. विधवा कोणाच्या पदरात टाकायची, याचा तो बाजारभाव.

नॉर्मंडीतल्या ओमालची काउंटेस हॅविस याच बाजारातली मोठी वारस. दुसरं लग्न तिला नको होतं. राजा रिचर्डच्या माणसांनी तिची मालमत्ता जप्त केली, तेव्हा ती तयार झाली. तिसरंही झालं. चौथं टाळण्यासाठी आणि आपली जमीन हाती ठेवण्यासाठी तिने १२१२ मध्ये राजा जॉनला ५,००० मार्क कबूल केले. ल्यूसीच्या दहापट. राजा जॉनने सरदारांना लिहून दिलेल्या हक्कांच्या सनदेतलं, म्हणजे १२१५ च्या मॅग्ना कार्टातलं, ८वं कलम या पार्श्वभूमीवर वाचावं: विधवेला लग्नाची सक्ती नाही. पण ती राजाची जहागीरदार असेल, तर त्याच्या संमतीशिवाय लग्न करणार नाही याची हमी तिने द्यायची.

सगळ्यांत जास्त रेंगाळावं असं माणूस म्हणजे निकोला द ला हे. लिंकनची किल्लेदारी तिला वडिलांकडून आली. त्यांना मुलगा नव्हता, ही थोरली मुलगी. ११९१ मध्ये नवरा बाहेर असताना तिने किल्ल्याचा वेढा झेलला. पुढे वैधव्य आल्यावर राजा जॉन लिंकनला आला, तेव्हा हातात किल्ल्या घेऊन ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, माझं वय झालं, आता हे ओझं झेपत नाही. राजाने गोड बोलून किल्ल्या तिच्याच हातात परत दिल्या. १८ ऑक्टोबर १२१६ रोजी, मृत्यूच्या काही तास आधी, त्याने तिला लिंकनशायरची शेरीफ, म्हणजे काउंटीतली राजाची अधिकारी, नेमलं, एका सहकाऱ्यासोबत. बंडखोर सरदार आणि फ्रेंच फौज किल्ल्याला भिडली, शहर पडलं, किल्ला पडला नाही. २० मे १२१७ ला जॉनच्या बालवारसाचा कारभार पाहणाऱ्या विल्यम मार्शलची कुमक आली आणि वेढा उठला.

बक्षीस काय मिळालं? चारच दिवसांत सॉल्झबरीच्या अर्लला, एका बड्या सरदाराला, काउंटीचं शेरीफपद आणि किल्ला देऊन टाकला गेला. निकोला दरबारात गेली, दाद मागितली, आणि किल्ला परत मिळवला. शेरीफपद अर्लकडेच राहिलं. किल्ला तिने सोडला तो १२२६ मध्ये. तेव्हा तिला कोणी काढलं नव्हतं.