दररोज

हे धुळ्याजवळचं गाव, पांझरेच्या काठावरचं. मे महिना, दुपारचे तीन, लाईट गेलेली आणि ओट्यावर मावशींची पायमशीन सुरूच. शेजारच्या विधवा बाईच्या पोरीला जूनमध्ये शाळेत जायचंय, तिचा ड्रेस शिवतायत त्या. शिलाई घेणार नाहीत.

ख्रिस्ती माणूस भेटला की आपण लगेच विचारतो बाप्तिस्मा कधी झाला, कोणत्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाता. पण ख्रिस्ती हे नाव पडलं अंत्युखिया नावाच्या शहरात, येशू गेल्यावर काही वर्षांनी, त्याआधी हे सगळे नुसते शिष्य. मूळ ग्रीक शब्द मॅथेटेस, म्हणजे शिकणारा. सुताराकडे पोरगा कामाला राहतो ना, त्याच्या हाताकडे बघत बघत रंधा धरायला शिकतो, तसं.

'माझ्यामागे यायचं तर आपला वधस्तंभ उचल', हे येशूचं बोलणं त्याचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तय, मार्क, लूक तिघांनीही लिहून ठेवलंय. लूकमध्ये एक शब्द जास्त आहे, दररोज. मला तर हाच शब्द सगळ्यात जड वाटतो बघा, कारण एखाद्या दिवशी जिवावर उदार होणं जमेलही माणसाला, पण रोज उठून आपला हेका सोडायचा, बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद झालंय त्याच्या दारात आपणच आधी जायचं, आणि परवा पुन्हा जायचं, हे कोण करतं?

यापो गावची टबीथा नावाची बाई करायची असं काहीतरी. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, 9 वा अध्याय. शिष्य या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप बायबलच्या अख्ख्या नव्या करारात एकदाच येतं, ते हिच्यासाठी. तिचं एकही वाक्य लिहिलेलं नाही. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला, अंगरखे दाखवत होत्या, हे तिने शिवलेलं, हेही तिनेच. मग पेत्राने गुडघे टेकून प्रार्थना केली आणि ती उठून बसली.

मावशींना ही गोष्ट पाठ आहे. तुम्ही पण टबीथाच की, असं म्हटलं तर मान हलवतात. "माले शिवता येस, तेच करस."

बॉबिन संपली, नवीन भरली. पोरीला समोर उभं करून स्कर्ट लावून बघितला, आणि खाली चांगलं दोन इंच मार्जिन सोडलं, पुढच्या वर्षी उंची वाढेल तिची.