इंटरल्यूकिन-२: जिवाणूत घडलेले मानवी प्रथिन आणि त्याची हाताळणी

नमस्कार. माझ्या हातातील या कुपीत १० मायक्रोग्रॅम मानवी इंटरल्यूकिन-२, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींना वाढवणारे प्रथिन, आहे. ती रिकामी दिसते, कारण गोठवून सुकवलेल्या एवढ्याशा प्रथिनाचा थर डोळ्यांना जेमतेम जाणवतो. त्यामुळे झाकण उघडण्यापूर्वी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवून घ्यावी. तसे न केल्यास वर चिकटलेली भुकटी झाकणाबरोबरच वाया जाते.

टी-पेशी शरीराबाहेर दीर्घकाळ वाढवता येतात, हे १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले. त्या काळी त्यांच्या वाढीचा हा घटक, म्हणजेच इंटरल्यूकिन-२, मिळवण्यासाठी मानवी रक्तपेशींना उत्तेजित करून त्यांच्या भोवतीचे द्रव वापरावे लागे, आणि त्यात इतरही अनेक प्रथिने मिसळलेली असत. १९८३ मध्ये जपानमधील तादात्सुगु तानिगुची यांच्या गटाने त्याचे जनुक हाती लागल्याचे प्रसिद्ध केले. जनुक मिळाल्यावर ते प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतील डीएनएच्या लहान वर्तुळात, बसवून ई. कोलाय या जिवाणूकडून १३३ अमिनो आम्लांचे हे प्रथिन तयार करून घेणे शक्य झाले.

तयार होते खरे, पण सुरुवातीला ते निरुपयोगी असते. या प्रथिनात ५८, १०५ आणि १२५ या स्थानांवर सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे, म्हणजे एकूण तीन सिस्टीन. त्यांपैकी पहिल्या दोघांत डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधील दुवा) जुळला, तरच प्रथिनाला त्याचा खरा आकार मिळतो. जिवाणूच्या पेशीद्रवात असा बंध सहसा जुळत नाही, त्यामुळे प्रथिनाच्या अविद्राव्य गुठळ्या साचतात. या गुठळ्या ग्वानिडीनसारख्या तीव्र द्रावणात विरघळवून साखळी पूर्ण उलगडावी लागते आणि मग द्रावण सावकाश पातळ करत तिची पुन्हा घडी बसवावी लागते. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील कौशल्याचा टप्पा हाच आहे, कारण येथे १२५व्या स्थानावरील मोकळे सिस्टीन चुकीच्या जोडीदाराशी बंध जुळवू शकते. त्यावर उपाय म्हणून त्या जागी सेरीन हे दुसरे अमिनो आम्ल बसवले गेले. असा बदल केलेले अल्डेसल्युकिन १९९२ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी औषध म्हणून मंजूर झाले. आपल्याकडील कुपीत सिस्टीन असलेले रूप आहे की सेरीन असलेले, हे माहितीपत्रकात अवश्य पाहावे.

ई. कोलायमधून आलेल्या प्रथिनासोबत जिवाणूच्या बाह्य आवरणातील एंडोटॉक्सिन हा विषारी घटकही येऊ शकतो. त्याच्या अल्पशा मात्रेलाही मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी जोरदार प्रतिसाद देतात. तो प्रतिसाद इंटरल्यूकिनचा समजला गेला, तर पुढचा सारा अभ्यास भरकटतो.

आता भुकटी विरघळवण्याविषयी. इंटरल्यूकिन-२ हे बरेचसे जलविरोधी प्रथिन असल्यामुळे उदासीन बफरमध्ये ते नीट विरघळत नाही, म्हणून अनेक उत्पादक सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल सुचवतात. द्रावण घातल्यावर कुपी जोरात घुसळू नये, कारण हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर प्रथिनाची घडी उलगडते. विरघळलेले प्रथिन एका प्रयोगाला पुरेल एवढ्या लहान भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवावे आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नये. बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीझर मुळीच वापरू नये, कारण त्याचे तापमान आतल्या आत वरखाली होत राहते.

वजनाइतकीच सक्रियताही महत्त्वाची आहे. ती सीटीएलएल-२ या उंदराच्या टी-पेशींवर मोजतात, कारण इंटरल्यूकिन-२ शिवाय या पेशी मरतात. अल्डेसल्युकिनच्या १.१ मिलिग्रॅममध्ये १.८ कोटी आंतरराष्ट्रीय एकके असतात. त्या हिशेबाने मिलिलिटरला १०० एकके म्हणजे सुमारे ६ नॅनोग्रॅम. इतक्या विरल द्रावणातील प्रथिन प्लास्टिकला चिकटून नाहीसे होऊ शकते, म्हणून त्यात ०.१ टक्का अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन वाहक म्हणून घालतात.

मात्र इंटरल्यूकिनला चमकणारे रंगद्रव्य जोडायचे असेल, तर हेच अल्ब्युमिन आड येते. ही कुपी असे ०.१ टक्का अल्ब्युमिन असलेल्या १०० मायक्रोलिटर द्रावणात विरघळवली, तर त्यात इंटरल्यूकिनच्या दहापट अल्ब्युमिन असेल आणि रंगद्रव्याचा बहुतांश भाग त्यालाच जोडला जाईल. अशा कामासाठी वाहक प्रथिन नसलेली कुपी मागवावी आणि तिच्यातील द्रावण पातळ करून साठवू नये.